लाल बाणाचा दगड

धुरपताबाईंनी खिरीचं पातेलं चुलीवरून उतरवलं तेव्हा घरात सहा माणसं होती, आणि एकही दुसऱ्याकडे सरळ बघत नव्हतं. सकाळी विहारात वंदना झाली होती. बुद्धपौर्णिमेसाठी हिमायतनगरहून त्यांच्या नवऱ्याची, केरबाची, थोरली बहीण नागुबाई आली होती, नांदेडहून थोरला लेक ग्यानोबा आणि त्याची बायको तारामती आली होती, लातूरहून धाकटा भीमा आला होता. सण होता, पण सणाला माणसं जशी ऐसपैस बसतात तशी ही बसली नव्हती. कोर्टाच्या व्हरांड्यात दोन्ही बाजूंचे लोक एकाच बाकावर बसावेत, तशी बसली होती.

केरबा बाजेपाशी उकिडवा होता. बाजेचा एक पाय ढिला झाला होता, त्यात तो पाचर ठोकत होता. रेल्वेत त्याची एकोणतीस वर्षं गेली, त्यातली अठरा चावीवाला म्हणून. पहाटे खांद्यावर हातोडा टाकून मुदखेडहून निघायचं, रुळाच्या कडेनं चालायचं, रूळ स्लीपराला पकडून धरणारी चावी ढिली दिसली की ठोकायची आणि पुढं जायचं. रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी हाताची खोड गेली नव्हती. दाराची कडी, कुदळीचा दांडा, काही हलताना त्याला बघवत नसे. माणसांना मात्र पाचर मारता येत नाही. आणि आज त्याचा धाकटा लेक हललेला होता.

केरबाच्या कोपरीच्या खिशात सरकारी पत्र होतं. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी तो वाचायला शिकला, तेव्हापासून एवढ्या चवीनं त्यानं दुसरं काही वाचलं नव्हतं. कनिष्ठ अभियंता, हिमायतनगर. सोमवारी हजर व्हावे. दोन वर्षं ज्याची वाट बघितली ते पत्र भीमानं सकाळी वाचलं, घडी घातली आणि परत बापाच्या हातात दिलं. म्हणाला, "बघू."

"बघू म्हंजे काय?" ग्यानोबानं अखेर तोंड उघडलं. तो नांदेडला रेल्वेच्या माल-ऑफिसात कारकून होता आणि घरातसुद्धा खिडकीतून बोलल्यासारखा बोलायचा. "आज गुरुवार. सोमवार चार दिसावर हाय. लोक ह्या कागदासाठी नवस करून राहिले, आन तू बघू म्हणतोस?"

"आपल्यात नवस कुठून आला, दादा?" भीमा म्हणाला.

"शब्दात धरू नको. विचारलं त्याचं सांग."

"लातुरात कुणी बघून ठेवली का रं?" नागुबाईनं मधेच विचारलं. "तसं असंल तर सांग. नोकरी कंचीबी कर, पोरगी आमाला दाखीव."

तारामती तोंडाला पदर लावून हसली. भीमा हसला नाही. केरबानं हे टिपून ठेवलं. आत्याच्या थट्टेला न हसणारा भीमा त्यानं आजवर बघितला नव्हता.

"त्या कंपनीत हाय तरी काय?" ग्यानोबानं बोटांवर मोजायला सुरुवात केली. "पेन्शन न्हाई. पास न्हाई. क्वार्टर न्हाई. काम सरलं की माणूस सरला. म्या तर अजून लोकास्नी सांगू शकत न्हाई, माझा भाऊ काय करतो ते. विहीर खणतो? न्हाई. इमारत बांधतो? न्हाई. कंपनी करते तरी काय?"

"मापं घेते. नकाशे काढते. कुठं काय बांधायचं, किती उंच, ते हिशोब करून देते."

"म्हंजे कागद इकते."

"हाव, कागद इकते. चुकलेल्या कागदावर बांधलेला बांध पहिल्याच पुरात जातो, दादा." भीमाचा आवाज पहिल्यांदा चढला. "लातूर जिल्हा झाला, वरीस न्हाई झालं. कचेऱ्या पाहिजेत, रस्ते पाहिजेत, पाणी पाहिजे. सरकारपाशी मापं घ्यायला माणसं कुठं हाईत तेवढी? म्हणून पुण्याच्या कंपनीनं तिथं शाखा काढली. आता नांदेडकडचंबी काम मिळालं. पंचाक्षरी साहेबांनी तिसऱ्या म्हैन्यात यंत्र माझ्या हातात दिलं. सरकारात पाच वर्षं दुसऱ्याच्या मागं वही धरून चालावं लागतं."

"आन नकाशाखाली सही कुणाची असती?" तारामतीनं विचारलं. ती सातवी शिकलेली, कमी बोलायची, पण बोलली की नेमकं मर्मावर.

"साहेबाची."

"झोपायला?"

"साइटीवर तंबू हाय."

"म्हंजे मेहनत तुमची, तंबू तुमचा आन नाव साहेबाचं. मग सोडायला जड का जाऊन राहिलं, भावजी?"

भीमाची नजर भिंतीला टेकवलेल्या लाकडी पेटीकडं गेली. त्या पेटीत जमिनीची उंची मोजायचं लेव्हलचं यंत्र होतं. काल आल्यापासून त्यानं तिला कुणाला हात लावू दिला नव्हता. केरबाच्या मनात किडा वळवळत होता तो तेव्हापासून. माणूस सण करायला घरी येतो तो कंपनीचं यंत्र कशाला घेऊन येईल? आणि आज पहाटे, अजून उजाडायचं होतं, भीमा एकटाच रानाकडं गेला होता. परत आला तेव्हा विचारलं तर म्हणाला, "असंच." बघू आणि असंच. एका दिवसात दोन असे शब्द म्हणजे पोटात तिसरंच काही आहे.

तारामती उठली आणि आतून गुंडाळलेला कागद घेऊन आली. "मामा, सकाळी भावजींची पिशवी फळीवर ठेवताना हा पडला. मी बघितला. बघायला नको होता, पण बघितला."

तिनं तो बाजेवर पसरला. नाल्यावरच्या पाझर तलावाचा नकाशा होता. गेल्या वर्षी पाऊस अर्ध्यावर मेला, तेव्हापासून त्या तलावाची बोलणी चालली होती. विहिरींना पाझर फुटला तर टँकरमागं धावणं संपेल, म्हणून अख्खा गाव त्याकडं डोळे लावून होता. पाणी कुठवर येणार ती निळी रेघ केरबानं बोटानं गिरवली. वरच्या आळीच्या श्रीमंतरावांचं बारा एकर आत. त्यापुढं रेघ त्याच्या स्वतःच्या दीड एकराजवळ आली आणि, ताटाची कड बोटानं पुसावी तशी, हलकीच बाहेरून वळून गेली.

त्या रानाचा चढउतार केरबाला पाठ होता. पाणी असं वळत नाही.

ग्यानोबाही वाकून बघत होता. त्याचा चेहरा हळूहळू उजळला. "असं हाय व्हय! अरे मग आधी सांगायचं! म्या उगंच कंपनीला शिव्या घातल्या."

"काय असं हाय?" भीमा म्हणाला.

"आपलं रान वाचवलंस की लेका!"

"बरं केलंस," नागुबाई म्हणाली. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती. "आमच्या बापाच्या वक्ताला रस्त्याची रेघ वळली, ती आपल्या वस्तीवरून गेली. शाळेची रेघ वळली, ती वरच्या आळीच्या दारात गेली. साऱ्या रेघा आजवर त्यांच्याच बाजूनं वळल्या. एक आपल्या बाजूनं वळली तर कंचं आभाळ पडलं?"

नागुबाईचं बोलणं खोटं नव्हतं, आणि तेच केरबाला सलत होतं. त्यानं हातोडी खाली ठेवली.

"भीमा, इकडं बघ. तू वळवली का?"

"न्हाई, बाबा."

"शपथ नको, खरं सांग."

"खरंच सांगून राहिलो. वळवली न्हाई. पण वळवली न्हाई हे मला दाखवता येत न्हाई. म्हणून तर यंत्र घेऊन आलो." त्यानं खाली बसून दोन्ही हात तोंडावरून फिरवले. "कंपनीतल्या सिद्धलिंगनं माझी मापं तपासली. नाल्याच्या पुलापास्नं आपल्या रानापर्यंत सगळं बरोबर. आपल्या रानापास्नं पुढं सात सेंटीमीटरचा फरक. म्हंजे चार बोटं. चार बोटं म्हणून हसू नका, सपाट रानात चार बोटांनं पाणी शंभर पावलं मागं जातं. आन सारा फरक नेमका आपल्या बांधावरून सुरू होतो."

"मग साहेब काय म्हणला?" केरबानं विचारलं.

"म्हणाला, लेखी खुलासा आण, न्हाईतर वही ठेव आन जा."

"मग जा की!" ग्यानोबा म्हणाला. "आयतं सरकारी पत्र हाय. खुलासा बिलासा राहू दे तिथंच."

"असा गेलो तर लातुरात म्हणतील, यानं बापाचं रान वाचवलं आन पळाला. माझ्यामागून आपल्यातला दुसरा कुणी पोरगा तिथं गेला, तर त्याच्या हातात यंत्र देतील का?"

बाहेर फटफटी थांबली. दारात धुळीनं पांढरा झालेला एक तिशीतला माणूस उभा राहिला. उदगीरकडचा सिद्धलिंग, कंपनीचा जुना मोजणीदार. त्यानं सगळ्यांना एकदम नमस्कार केला आणि पेटीकडं बघितलं.

"भीमराव, पेटी न्यायला पाठवलं मला. साहेब म्हणाले, खुलासा होईपर्यंत यंत्र हापिसात राहू दे."

धुरपताबाईंनी तांब्या-पेला आणून त्याच्यापुढं ठेवला.

"आत्ताच पिलो स्टेशनवर," सिद्धलिंग म्हणाला.

केरबानं मान वळवली. मुदखेडच्या स्टेशनात परवापासून नळाला पाणी नव्हतं, हे ज्याचं आयुष्य तिथं गेलं त्याला माहीत नसणार का? धुरपताबाईंनी पेला उचलला नाही. तो तसाच त्याच्यापुढं राहिला.

"तुमी याला चोर समजता का?" केरबानं विचारलं.

"काका, मी समजून काय होतं? आकडे बोलतात. मी ह्याला काम शिकवलं. मलाबी बरं वाटत न्हाई. पण आमच्या धंद्यात यंत्र खोटं बोलत न्हाई, माणूस बोलतो."

"बहात्तरच्या दुष्काळी कामावर मीबी ऐकलं व्हतं हे," धुरपताबाई चुलीपासून म्हणाल्या. तोवर त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. "खड्ड्याच्या मधी मातीचा खांब न खणता ठेवायचो. त्याच्यावरनं साहेब खोली मोजायचा. आमच्या टोळीनं खांबाच्या डोक्यावर गवताची ढेप बसवली, ईतभर. साहेबानं गवत धरून ओढलं तर हातातच आलं. तवापास्नं त्याला सारे मजूर चोर दिसायचे, आन आमाला सारे साहेब." त्या थांबल्या. "माप कशावरनं घेतलं, ते बघितलं का कुणी?"

"दगडावरून," भीमा म्हणाला. "आपल्या बांधावर मी माघात दगड पुरला, लाल बाण काढलेला. त्याची उंची पुलावरून आणून वहीत लिहिली. पुढची सगळी मापं चैतात त्या दगडावर पट्टी उभी करून घेतली. आज पहाटे जाऊन बघितलं, दगड जाग्यावर हाय. चांगला घट्ट. हलतसुद्धा न्हाई."

केरबाच्या कानात 'घट्ट' हा शब्द हातोड्यासारखा पडला.

फाल्गुनातली एक सकाळ त्याला आठवली. काळ्या रानाला भेगा पडल्या होत्या, पाय जाईल एवढ्या. बांधावर पोराचा लाल बाणाचा दगड भेगेच्या तोंडाशी लटपटत होता, म्हाताऱ्याच्या दातासारखा. पोराचं काम आहे, पडू नये, म्हणून केरबानं घरून मोठा हातोडा नेला, दगड सरळ केला, भोवती मुरूम भरला आणि ठोकला. चांगला दहा-बारा घाव. हलेना तेव्हाच थांबला. घरी आल्यावर कुणाला सांगितलंही नव्हतं. ढिली चावी ठोकली हे कधी कुणी घरी सांगतं का?

दगड खाली गेला होता. किती? चार बोटं जाईल एवढा.

त्यानं वर बघितलं. धुरपताबाई त्याच्याकडंच बघत होत्या. त्या सकाळी हातोडा कुठं घेऊन चाललात म्हणून त्यांनीच विचारलं होतं. त्यांनी नजर खाली केली आणि खिरीत पळी फिरवायला लागल्या. बोलणं त्याच्यावर सोडलं.

केरबानं बाजेची पाचर बोटानं चाचपली. तेवढ्या वेळात त्याच्या मनात जे आलं त्याची त्याला पुढं मरेपर्यंत लाज वाटली. गप्प राहिलं तर पोरगा सोमवारी हिमायतनगरला जाईल. सरकारी नोकरी. रेल्वेच्या पगारातून घेतलेलं दीड एकर कोरडं राहील. खोटं कुणी बोललेलं नाही, रेघ कुणी वळवलेली नाही, सगळं आपोआप झालं. नुसतं गप्प राहायचं. सकाळपासून त्यानं कंपनीवर शक घेतला, पत्रावर घेतला, पोरावर घेतला, न प्यायलेल्या पाण्यावर घेतला. घरात एकच माणूस राहिला होता ज्याच्यावर घेतला नव्हता.

"त्यो दगड म्या ठोकला," तो म्हणाला.

"काय?" ग्यानोबा म्हणाला.

"ढिला व्हता. म्हणून ठोकला. फाल्गुनात."

भीमा उठून उभा राहिला. त्याला हसू फुटतंय की रडू, हे त्याच्या तोंडावरून कळेना. "बाबा, तो ठोकायचा नसतो! मापाचा दगड हलला तर सांगायचं असतं!"

"मला काय ठाव? आयुष्यभर जे हललं ते ठोकलं, तेचा पगार घेतला."

सिद्धलिंग मात्र दाराला टेकून शांत होता. "काका, राग मानू नका. बाप लेकासाठी कायबी म्हणतो. हे मी साहेबाला सांगितलं तर साहेब हसतील."

"हसू दे. चल रानात."

ऊन उतरल्यावर सगळे रानात गेले, नागुबाईसुद्धा. दगड बांधावर होता, भोवती मुरूम भरून पक्का. भीमा त्याच्याजवळ वाकला आणि एकदम थांबला. "बाण," तो म्हणाला. "बाणाचं टोक दिसत न्हाई. मी टोक मातीच्या वर काढलं होतं. चैतात पट्टी ठेवली तेव्हा बघितलंच न्हाई मी. घरचं रान म्हणून बघितलं न्हाई."

सिद्धलिंग गुडघ्यावर बसला. त्यानं बोटानं मुरूम उकरला, मग खिशातल्या किल्लीनं. एक बोट. दोन बोटं. मातीखाली लाल रंग निघाला. बाणाचं टोक चार बोटं खाली गाडलेलं होतं, आणि त्याच्याही खाली जुन्या मातीची रेघ दगडावर स्पष्ट होती.

"मातीखाली जाऊन कुणी रंग मारत न्हाई," सिद्धलिंग पुटपुटला. किल्ली पुसून त्यानं खिशात टाकली. "काका, हे लिहून द्याल?"

"देतो."

"मग सारी मापं पुलापासून पुन्हा घ्यावी लागतील. चार दिवस. पेटी तोवर हिथंच राहू दे, साहेबाला मी सांगतो. आन तुमचं रान..." त्यानं नाल्याकडं बघितलं. "आत जाईल. सगळं न्हाई, पण बरंचसं."

"म्या चावीवाला व्हतो," केरबा म्हणाला. "उतार मला दिसतो."

पेटीच्या झाकणावर कागद ठेवून त्यानं लिहिलं. अक्षरं एकेक करून उतरत होती, सगळे उभ्यानं बघत होते, आणि तारामतीनं काना चुकला तरी सांगितलं नाही. दगड हलत होता. मी ठोकला. मुद्दाम नाही. माझ्या मुलास माहीत नव्हते. खाली सही.

"आन सोमवार?" ग्यानोबानं विचारलं. "चार दिवस हिथंच गेले तर हिमायतनगरचं काय? हे रानबी गेलं, नोकरीबी गेली. वा रं खानदान!"

"सिद्धलिंग करंल की मापं," नागुबाई म्हणाली.

"दुसऱ्यानं केली तर माझ्या वहीवरची काट तशीच राहील, आत्या," भीमा म्हणाला.

तारामतीनं नवऱ्याकडं बघितलं. "मुदत मागायचा अर्ज करता येतो की. तुमच्या ऑफिसात रोज दहा करतात. लिहा एक आन सोमवारच्या गाडीनं जाऊन देऊन या."

"मंजूर व्हतो का न्हाई कुणाला ठाव."

"न झाला तर न्हाई झाला," केरबा म्हणाला. खिशातलं पत्र काढून त्यानं भीमाच्या हातात दिलं. "तुझं हाय. हिमायतनगरला जा न्हाईतर लातुरात तंबूत मर, मी आता इचारणार न्हाई. पण जाशील तिथं डाग घिऊन जाऊ नको."

घरी परतल्यावर सिद्धलिंगनं दारातला तो पेला उचलला. पाणी दुपारचं, कोमट झालेलं. त्यानं ते एका दमात प्यायलं आणि धुरपताबाईंकडं पेला पुढं केला. "अजून हाय का, काकू?" त्यांनी दिलं. केरबानं बघितलं, पण त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे अजून ठरवलं नाही.

शुक्रवार, शनिवार, रविवार मापं चालली. सोमवारी दहाच्या सुमाराला ती केरबाच्या रानाला भिडली. पट्टी केरबाच्याच हातात होती, खुंट्यांची पिशवी घेऊन सिद्धलिंग शेजारी. भीमा लांबून यंत्रातून बघत हात हलवायचा, अजून आत, अजून आत. ज्वारीच्या धसकटांतून केरबा मागं मागं सरकत होता. शेवटी बांधापासून साठ पावलं आत, रानाच्या मध्याच्याही पलीकडं, भीमानं हात सरळ वर केला. इथवर पाणी येणार.

त्याच वेळी लांब हिमायतनगरच्या गाडीनं शिट्टी दिली. ग्यानोबा त्या गाडीत होता, अर्ज खिशात घेऊन. तिघांनीही तिकडं बघितलं.

केरबानं पट्टी आडवी ठेवली, खुंटी घेतली आणि हातोड्यासाठी हात लांब केला.

"बाबा," भीमा लांबून ओरडला, "तेवढं सोडून! तुमी ठोकू नका!"

सिद्धलिंग हसला. केरबानंही हसायचा प्रयत्न केला. त्यानं हातोडा सिद्धलिंगकडं दिला, दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि आपल्याच रानात खुंटी जाताना बघत राहिला. चौथ्या ठोक्याला ती पक्की झाली. ती हलवून बघायची त्याला फार इच्छा झाली, पण त्यानं बघितली नाही.